नजर अंधुक झाली. कागदावर काय लिहिले?

डच लोकांचे नाव आपल्या बेटाला नवे नाही. १५९८ मध्ये त्यांची जहाजे येथे लागली. राजपुत्र मॉरिस याच्या नावावरून या बेटाला मॉरिशस हे नाव त्यांनीच दिले आणि १६३९ मध्ये जावा बेटावरून ऊस आणून येथे लावला तोही त्यांनीच. १७१० मध्ये ते निघून गेले. आपले आजे-पणजे ज्या उसात राबले, त्याची पहिली कांडी डचांनी लावलेली होती. आता प्रवास उलट्या दिशेने चालू आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, लग्न होऊन आपली मुले-मुली युरोपात जातात, आणि मुलगा तेथे स्थिर झाला की आईवडील दोन-तीन महिने त्याच्याकडे राहावयास जातात.

हे आईवडील बहुधा साठीच्या पुढचे असतात. कित्येकांच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढलेला असतो. त्यात आपल्याकडे साखरेचा आजार घरोघरी. परक्या देशात अशा माणसाची नजर अचानक अंधुक झाली, तर डॉक्टर जो उपचार करतील तो करतीलच. पण त्याबरोबर ते कागदावर एक नाव आणि काही आकडे लिहितात. पैसे कोणी भरावयाचे, किती भरावयाचे, विमा कंपनी हात वर करणार की नाही, हे बरेचसे त्या आकड्यांवर ठरते. म्हणून आज नेदरलँड्स देशातील रीत समजून घेऊ. जे तेथे राहतात त्यांना ती उपयोगी आहेच; जे येथेच आहेत त्यांनाही तिच्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

डोळ्यांच्या विद्येतील एक जुने घर

डोळ्यांच्या वैद्यकात डचांचा मान मोठा आहे. उत्रेख्त शहरात १८५८ मध्ये फ्रान्सिस्कुस डोन्डर्स यांनी गरीब व अल्प मिळकतीच्या नेत्ररुग्णांसाठी रुग्णालय काढले. त्यांचेच सहकारी हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तो तक्ता तयार केला. वर मोठे अक्षर, खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. चष्म्याच्या दुकानात आपण एक डोळा झाकून जो तक्ता वाचतो, त्याचे मूळ या उत्रेख्त शहरात आहे. किती कमी दिसते, हे एकाच ठरलेल्या मापाने मोजणे या तक्त्याने सोपे केले.

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया १९४९ मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी केली. परंतु त्यांचे भिंग काही डोळ्यांत जागेवरून सरकत असे. तेर्न्यूझन नावाच्या लहानशा डच बंदरातील डॉक्टर कॉर्नेलियस बिंकहॉर्स्ट यांनी १९५८ मध्ये भिंग बुबुळालाच अडकविण्याची युक्ती काढली. पुढे ग्रोनिंगनचे यान वोर्स्ट यांनी खेकड्याच्या नांगीप्रमाणे बुबुळाला धरून राहणारे भिंग बनविले. भारतात अमृतसरचे डॉ. दलजित सिंग यांनी या नांगीच्या भिंगाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला.

या प्रत्येक सुधारणेने काही नव्या तक्रारीही आणल्या. बुबुळाला अडकविलेल्या जुन्या भिंगांमुळे काही रुग्णांच्या डोळ्याची पुढची पारदर्शक काच सुजून धुरकट होई. मग डॉक्टरांनी त्या तक्रारींची नोंद ठेवली, कोणत्या भिंगाने किती डोळे बिघडले ते मोजले आणि भिंगात बदल केले. आजची शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित आहे ती या हिशेबामुळे.

काय बिघडू शकते?

नेदरलँड्समध्ये दर वर्षी मोतीबिंदूच्या दीड लाखाहून अधिक शस्त्रक्रिया होतात आणि बहुतेक सर्व सुरळीत पार पडतात. थोड्या लोकांना जो त्रास होतो, तो मुख्यतः पुढील प्रकारचा असतो.

पहिला प्रकार सर्वांत साधा. नवे भिंग ज्या पातळ पिशवीत बसविलेले असते, तिची मागील बाजू काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होते. लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. भिंग स्वच्छ असते, पिशवी मळलेली असते. लेसर किरणाने तिला काही मिनिटांत छिद्र पाडतात आणि नजर मोकळी होते. डच भाषेत मोतीबिंदूला ‘स्तार’ म्हणतात आणि या नंतरच्या धुरकटपणाला ‘नास्तार’, म्हणजे मागाहूनचा मोतीबिंदू. येथे एक सावधगिरी हवी. ‘करडा स्तार’ म्हणजे आपला मोतीबिंदू आणि ‘हिरवा स्तार’ म्हणजे काचबिंदू. दोन्ही नावांत स्तार असल्याने परक्या माणसाचा गोंधळ उडतो. आपल्याकडे मोतीबिंदू आणि काचबिंदू यांचा होतो तसाच.

दुसरा प्रकार, पडद्याच्या मध्यभागी सूज येणे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी वाचताना अक्षरे वाकडी किंवा पुसट दिसू लागतात. साखरेचा आजार असलेल्यांना याचा धोका अधिक. तिसरा, पडदा सुटणे. डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखे होते, काळे ठिपके एकाएकी वाढतात, एका बाजूने सावली सरकत येते. चौथा, भिंग जागचे हलणे. पाचवा आणि सर्वांत भयंकर, डोळ्याच्या आत जंतूंचा शिरकाव. हा बहुधा पहिल्या काही दिवसांत होतो. डोळा दुखतो, लाल होतो आणि नजर झपाट्याने उतरते. पडदा सुटण्याची किंवा जंतूंची शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तेथे आकडे, बिले, विमा यांचा विचार नंतर.

एका आजाराचे दोन आकडे

आता कागदाकडे वळू. डच रुग्णालयातील डॉक्टर संगणकावरील यादीतून आजाराचे नाव निवडतो. त्या एका नावावरून दोन वेगळे आकडे निघतात.

पहिला आकडा जगभरचा. १८९३ मध्ये झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी केली. तीच वाढत वाढत १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आली आणि सर्व आजारांची यादी झाली. तिची दहावी आवृत्ती आज अनेक देशांत चालते. अकरावी २०२२ पासून लागू झाली आहे. दहाव्या आवृत्तीत डोळ्यांचे बहुतेक आजार ‘एच’ या अक्षराखाली येतात. वयोमानाने येणारा मोतीबिंदू एच २५. मागाहूनचा मोतीबिंदू एच २६.४. आत पू होणारा जंतुदोष एच ४४.०. सुटलेला पडदा एच ३३. भिंग हलले तर टी ८५.२. आणि एच ५९ हा गट खास शस्त्रक्रियेनंतर डोळ्याला होणाऱ्या विकारांचा.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एच ५९ म्हटले की ‘हे शस्त्रक्रियेनंतर झाले’ हे आकड्यातच आले. परंतु एच ३३ म्हटले तर फक्त पडदा सुटला एवढेच कळते. तो शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी सुटला की शस्त्रक्रियेशिवायच, हे आकडा सांगत नाही. ते डॉक्टरने शब्दांत लिहिले तरच उरते. तीच गोष्ट डाव्या-उजव्याची. अमेरिकेने २०१५ पासून जी स्वतःची वाढविलेली यादी वापरात आणली, तिच्यात अशा आकड्याचा शेवटचा अंकच सांगतो : १ म्हणजे उजवा डोळा, २ म्हणजे डावा, ३ म्हणजे दोन्ही. जागतिक संघटनेच्या मूळ दहाव्या यादीत ही सोय नाही. तेव्हा कोणता डोळा, शस्त्रक्रिया कोणत्या तारखेची, त्रास कधी सुरू झाला, या तीन गोष्टी अक्षरांत लिहिलेल्या हव्यात.

बिलाचा आकडा

दुसरा आकडा पैशांचा, आणि तो डचांचा स्वतःचा. २००५ पासून तेथील रुग्णालये प्रत्येक तपासणीचे वेगळे बिल करीत नाहीत. आजार आणि उपचार यांची जोडी लावून सर्वांची मिळून एक किंमत ठरते. डच नावाच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला डीबीसी म्हणतात. आरंभी अशा जोड्या सुमारे ३०,००० झाल्या. डॉक्टरांनाही त्यांचा मेळ लागेना. २०१२ मध्ये त्या कमी करून सुमारे ४,४०० वर आणल्या. या पद्धतीचे नियम करणारे सरकारी प्राधिकरण उत्रेख्तमध्येच आहे. नजर मोजण्याचा तक्ता ज्या शहराने दिला, तेथेच नजरेच्या उपचाराची मोजदाद ठरते.

समजा, एका गृहस्थांचा मोतीबिंदू काढला. पहिली भेट, मोजमाप, शस्त्रक्रिया आणि नंतरच्या तपासण्या यांचे मिळून एक गाठोडे बांधले जाते. शस्त्रक्रियेनंतर ४२ दिवसांनी ते बंद होते आणि त्याचे बिल विमा कंपनीकडे जाते. पुढेही उपचार चालू राहिला किंवा वर्षाने मागाहूनचा मोतीबिंदू निघाला, तर नवे गाठोडे उघडते आणि त्याचे नवे बिल होते. म्हणूनच ‘तपासणी त्याच डोळ्याची, डॉक्टरही तेच, मग पुन्हा पैसे कशाचे?’ हा प्रश्न तेथील घराघरांत ऐकू येतो.

या बिलाचा घरखर्चाशी थेट संबंध आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे त्या देशात राहणाऱ्या प्रत्येकाने आरोग्याचा मूळ विमा घेतलाच पाहिजे, आणि कंपनीने आजारी किंवा म्हातारा म्हणून कोणाला नाकारता कामा नये. परंतु अठरा वर्षांवरील माणसाने दर वर्षी आरंभीची काही रक्कम स्वतः भरावयाची असते. २००८ मध्ये ती १५० युरो होती. २०१६ पासून ३८५ युरो आहे. घरच्या डॉक्टरकडे गेल्यास ही रक्कम लागत नाही. रुग्णालयात गेल्यास लागते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या रकमेहून बरीच महाग असल्याने त्या वर्षाचा वाटा पुरा संपतो. आणि मेख अशी की गाठोडे ज्या तारखेस उघडले त्या तारखेचे वर्ष धरले जाते. डिसेंबरात पहिली भेट आणि जानेवारीत शस्त्रक्रिया झाली तर ती मागल्या वर्षाच्या हिशेबात बसते. पुढे त्याच जानेवारीनंतर नवे गाठोडे उघडले, तर नव्या वर्षाचा वाटा पुन्हा खिशातून. नोकरदार कुटुंबाला हे झेपते. पेन्शनवरच्या म्हाताऱ्यांना महिन्याचे गणित पुन्हा मांडावे लागते.

२०१४ पासून तेथील रुग्णालयांच्या बिलावर नुसता आकडा न देता, सामान्य माणसाला समजेल असे उपचाराचे वर्णनही द्यावे लागते. ते वाचावे. न केलेला उपचार लिहिला असेल, डोळा चुकला असेल, तर विमा कंपनीला व रुग्णालयाला विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे. १९९५ च्या कायद्याने रुग्णाला आपल्या नोंदींची प्रत मागता येते, आणि २०२० पासून त्या नोंदी वीस वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. २०१६ पासून लागू असलेला दुसरा एक कायदा सांगतो की, उपचारात काही चुकीचे घडून रुग्णावर त्याचा परिणाम झाला, तर ते रुग्णाला सांगितलेच पाहिजे आणि त्याच्या कागदांत नोंदविले पाहिजे.

पाहुण्यांनी विशेष जपावे

आता आपल्या बेटावरून पाहुणे म्हणून जाणाऱ्यांचे पाहू. २००९ मध्ये युरोपीय समुदायाशी झालेल्या करारामुळे मॉरिशसच्या नागरिकांना अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. ज्यांना व्हिसा घ्यावा लागतो, त्यांना किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा दाखवावा लागतो. आपल्याकडे व्हिसाच नाही, म्हणून विमाही कोणी मागत नाही, आणि पुष्कळ मंडळी विम्याशिवायच विमानात बसतात. मुलाचा तिकडे विमा आहे, त्यात आपणही आलो, असे काहींना वाटते. तसे नाही. डच मूळ विमा तेथे राहणाऱ्यांसाठी आहे. पाहुणा ‘पासान्त’, म्हणजे वाटेने जाणारा, या सदरात मोडतो. त्याच्यासाठी रुग्णालयांचे वेगळे दरपत्रक असते आणि पुरे बिल त्याच्याच नावाने येते.

समजा, एका आजींचा मोतीबिंदू येथे काढला आणि दोन महिन्यांनी त्या मुलीकडे हेगला गेल्या. तेथे नजर धूसर झाली. प्रवासी विमा घेतलेला आहे. कंपनी पहिला प्रश्न विचारील : हा आजार जुना की नवा? बहुतेक प्रवासी विम्यांत आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च वगळलेला असतो. डच डॉक्टरने मागाहूनचा मोतीबिंदू लिहिले, तर कंपनी म्हणेल की, हे जुन्याचेच पुढचे पाऊल आहे, आणि त्याला घाईही नव्हती; घरी जाऊन करावयाचे होते. तोच एकाएकी पडदा सुटला असेल, तर ती तातडीची गोष्ट आहे. परंतु अलीकडे शस्त्रक्रिया झाली असल्याने तेथेही वाद निघू शकतो. आजींजवळ येथील शस्त्रक्रियेचा कागद असेल, शेवटच्या तपासणीत नजर किती होती हे त्यावर असेल, तर नवे काय आणि जुने काय हे सिद्ध करता येते. कागद नसेल, तर डच डॉक्टरला आजींच्या सांगण्यावर लिहावे लागेल. आणि आजींची भाषा मुलीने उलथून सांगितलेली, तारीख अंदाजाने दिलेली. अशाने एखादा शब्द चुकतो आणि शेकडो युरो मुलीच्या डोक्यावर बसतात.

डॉक्टरला खोटे लिहावयास सांगू नये. जुने ते जुने आणि नवे ते नवे, असे जसेच्या तसे लिहून घ्यावे. विमा घेतानाही शस्त्रक्रिया झाल्याचे लपवू नये. लपविलेले उघडकीस आले की बाकीचा दावाही जातो.

मोजल्याने डोळे वाचतात

हे सारे आकडे पैशांसाठीच आहेत, असे वाटण्याचा संभव आहे. पण आणखी एक बाजू आहे. २००८ मध्ये युरोपात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची एक मोठी नोंदवही सुरू झाली. शस्त्रक्रियेत पिशवी फाटली का, नंतर नजर किती आली, याची नोंद तिच्यात होते, आणि डच नेत्रवैद्यांनी तिला मोठा हातभार लावला आहे. बिलाच्या यादीत जे बसत नाही, ते या वहीत बसते. त्याच सुमारास, २००७ मध्ये, नऊ देशांतील सुमारे १६,००० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात जंतुनाशकाचे थोडे औषध सोडले, तर आतल्या जंतुदोषाचे प्रमाण सुमारे पाचपटीने घटते, हे त्यात दिसून आले. जंतुदोष क्वचितच होतो. एखाद्या डॉक्टरच्या वर्षभराच्या रुग्णांत तो एकदाही दिसणार नाही. हजारो डोळ्यांची मोजदाद झाली तेव्हाच हे कळले. ज्या रुग्णाचा त्रास कोठे लिहिलाच गेला नाही, तो या मोजदादीतून गळतो आणि पुढच्या रुग्णाला त्याचा उपयोग होत नाही.

आपण काय करावे?

आपल्या बेटावर सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत. मोक्याच्या सुब्रमण्यम भारती नेत्ररुग्णालयाचे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. बिल येत नाही, ही मोठी गोष्ट आहे. परंतु बिल नाही म्हणून कागदही नको, ही सवय बरी नव्हे. डोळ्याची शस्त्रक्रिया कोठेही होवो, सरकारी रुग्णालयात, खाजगी क्लिनिकमध्ये की भारतात जाऊन, घरी परतताना पुढील गोष्टी मागून घ्याव्यात.

शस्त्रक्रियेचा कागद, त्यावर तारीख आणि डावा की उजवा डोळा. बसविलेल्या भिंगाचे कार्ड. युरोपात २०२१ पासून असे कार्ड रुग्णाला देणे कायद्याने आवश्यक झाले आहे, इतरत्रही बहुधा भिंगाच्या खोक्यातील चिकटपट्टी मिळते, ती जपावी. नंतरच्या तपासणीत तक्त्यावरची कोणती ओळ वाचता आली, तो आकडा. शस्त्रक्रियेत काही अडचण आली असेल, तर ती काय, हे विचारून लिहून घ्यावे. विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर स्वतःच सांगतो. साखरेचा आजार असल्यास त्याचे कागदही याच पाकिटात ठेवावेत. परदेशी जाताना त्या पाकिटाची एक प्रत हातातील पिशवीत असू द्यावी, सामानाच्या पेटीत नको.

आणि तिकडे राहणाऱ्या मुला-मुलींना एक विनंती. आईवडिलांच्या स्वागताची तयारी करताना खोली, उबदार कपडे, विमानतळावरची गाडी हे सर्व आपण पाहताच. त्याबरोबर त्यांच्या नावाचा प्रवासी विमा नीट वाचून घ्या, जुन्या आजाराचे कलम कोठे आहे ते पाहा, आणि रात्रीबेरात्री डोळा दुखू लागला तर जवळचे कोणते रुग्णालय उघडे असते, हे आधीच विचारून ठेवा. म्हातारी माणसे मुलाला त्रास नको म्हणून दुखणे दोन-दोन दिवस दाबून ठेवतात. डोळ्याच्या बाबतीत ते दोन दिवस परत मिळत नाहीत. तेव्हा ते आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना सांगून ठेवा : डोळ्याला काही झाले, तर लगेच सांगायचे.